नांव महोगनीचें, लांकूड कोणाचें ?

व्यापाराचा सारा पसारा शेवटीं एका साध्या गोष्टीवर उभा असतो. ती गोष्ट म्हणजे, विकणाऱ्यानें ज्या नांवानें वस्तु दिली त्याच नांवाची ती असणें. सोनें म्हणून दिलें तें सोनें असावें आणि तूप म्हणून दिलें तें तूप असावें, याविषयीं आपल्या लोकांची जाणीव जागी आहे. कस पाहिल्याखेरीज आपल्याकडील गृहिणी सराफाची पेढी सोडीत नाहीं, आणि तूप तळहातावर चोळून वास घेतल्याखेरीज वाण्यास पैसे देत नाहीं. परंतु हेंच कुटुंब जन्मांत एकदां मोठी रक्कम मोजून घरीं कपाट, पलंग किंवा जेवणाचें मेज आणतें, तेव्हां दुकानदारानें उच्चारलेला एकच शब्द त्यास पुरतो. तो शब्द म्हणजे 'महोगनी'. हा शब्द ऐकला कीं पुढची विचारपूस थांबते. तो इतका भारदस्त कां झाला, त्याच्या मागें खरें लांकूड किती व नुसतें नांव किती, आणि या नांवाच्या भुलीनें आपला ग्राहक, आपला सुतार व आतां आपला शेतकरीही कसा नाडला जाण्याचा संभव आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम न्यायाच्या रीतीनें शब्दाचा अर्थ ठरवूं. आज बाजारांत 'महोगनी' हा शब्द निदान चार अर्थांनीं चालतो. पहिला अर्थ, अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील स्वायटेनिया या जातीच्या झाडांचें लांकूड. हा खरा अर्थ. दुसरा, त्यासारखें दिसणारें व त्याच्या नांवावर विकलें जाणारें आफ्रिकेंतील किंवा फिलिपाइन बेटांतील निराळें लांकूड. तिसरा, तांबूस तपकिरी रंगाचें पॉलिश किंवा त्या रंगाचा छापील कागद चिकटविलेली भुशाची फळी. आणि चौथा अर्थ आपल्याकडे अलीकडे निघाला आहे. तो म्हणजे शेतकऱ्यास बारा-पंधरा वर्षांत कोट्यधीश करणारें जादूचें रोप. एक शब्द चार वस्तूंस लागूं लागला म्हणजे त्यांतील सर्वांत स्वस्त वस्तु सर्वांत महाग वस्तूच्या भावानें विकण्याची सोय होते. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

आतां खऱ्या महोगनीची योग्यता पाहूं. कारण ज्या वस्तूचें नांव चोरलें जातें तिच्यांत कांहीं चोरण्याजोगें असतें, हें कबूल केलें पाहिजे. महोगनीचें झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळांतलें आहे. त्याच्या तीन जाती. वेस्ट इंडीज बेटांतील लहान पानांची, जी 'क्यूबन' म्हणून गाजली. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत पसरलेली रुंद पानांची, जी 'होंडुरास महोगनी' म्हणून ओळखली जाते. आणि मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तिसरी, जिचें व्यापारांतील महत्त्व थोडें. या लांकडाचा पहिला गुण म्हणजे त्याची स्थिरता. सुतारकामांत लांकूड आकसतें याचें दुःख मोठें नसतें. तें सर्व बाजूंनीं सारखें आकसत नाहीं, हें दुःख मोठें असतें. कोणतेंही लांकूड वाळतांना गाभ्यापासून सालीकडे कमी आकसतें व वर्तुळाच्या दिशेनें जास्त; या दोहोंमध्यें जितकी तफावत अधिक, तितकी फळी पीळ खाते व सांधे उघडतात. ओलें लांकूड पुरें कोरडें होईपर्यंत रुंदपानी महोगनी एका दिशेनें शेंकडा सुमारें २.९ व दुसऱ्या दिशेनें शेंकडा ४.३ आकसते, सागाचे हेच आंकडे अनुक्रमें २.६ व ५.३ आहेत. म्हणजे सागाची तफावत दुपटीची, तर महोगनीची दीडपटीची. साग हें जगांत स्थिर म्हणून नांवाजलेलें लांकूड. त्याच्याशीं जें बरोबरी करतें, किंबहुना या एका बाबतींत वरचढ ठरतें, त्याचा लौकिक उगाच झालेला नाहीं. कोंकणांतल्या पावसाळ्यांत ज्याच्या मेजाचा खण आषाढांत अडकला व मार्गशीर्षांत खुळखुळूं लागला, त्यास या गुणाची किंमत सांगावी लागणार नाहीं.

दुसरा गुण असा कीं, हें लांकूड हत्यारास वश आहे. वाळलेल्या रुंदपानी महोगनीचा घनमीटर सुमारें ५९० किलो भरतो, सागाचा सुमारें ६५०. म्हणजे वजनानें बेताचें, तरी पोकळ नव्हे. रंधा त्यावर सहज चालतो, पटाशीनें कोरलेली बारीक वेल तुटत नाहीं, सरस घट्ट धरतो आणि पॉलिश खोल बसतें. सागांत नैसर्गिक तेल असतें. त्या तेलामुळें सरस व पॉलिश कांहींसें नाखुषीनें बसतें, आणि त्यांतील वाळूसारख्या कणांमुळें हत्यारांची धार लौकर जाते. उलट तेंच तेल सागास पाणी व वाळवी यांपासून राखतें. महोगनीच्या जुन्या झाडाचा गाभा कुजण्यास बराच दाद देत नाहीं हें खरें. तथापि वाळवीपुढें त्याची हमी सागासारखी धरतां येत नाहीं, आणि कोंवळ्या झाडाच्या पांढरट भागाची तर मुळींच नाहीं. तिसरा गुण रूपाचा. जुन्या झाडाचे बुंधे इतके जाड असत कीं, मेजाचा सबंध तक्ता एकाच फळींत निघे. जेथें बुंध्यास फांटा फुटतो तेथील लांकूड चिरलें असतां ज्वाळेसारखी नक्षी उमटते. आणि काळ जाईल तसा या लांकडाचा रंग फिकट न होतां गडद व गंभीर होतो. या सर्व गुणांमुळें मेजें, लिहिण्याच्या पेट्या, कोरीव खुर्च्या, कपाटांचे दर्शनी भाग, पियानो व गिटार यांसारखीं वाद्यें आणि ओतकामाचे नमुने, यांकरितां महोगनी उत्तम ठरली. पण घराची बाहेरील चौकट, पावसांत भिजणारें दार, जमिनीस टेकलेला खांब, येथें आपला साग तिला भारी आहे. वस्तूचे गुण सांगतांना तिच्या मर्यादाही सांगाव्या. नाहींतर ती जाहिरात होते, माहिती होत नाहीं.

या लांकडास जी प्रतिष्ठा मिळाली ती मात्र केवळ गुणांमुळें मिळाली असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. ती राज्यसत्तेनें, कायद्यानें व गुलामगिरीनें मिळवून दिली. इंग्लंडच्या पार्लमेंटनें १७२१ सालीं अमेरिकेंतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लांकडावरील जकात उठविली. हेतु आरमाराला सामान पुरविण्याचा. पण फायदा झाला तो जमैकांतील महोगनीच्या व्यापाऱ्यांचा. पुढील तीस-चाळीस वर्षांत लंडनच्या श्रीमंत घरांतून अक्रोडाचें लांकूड मागें पडलें व महोगनी पुढें आली. थॉमस चिपेनडेल या कारागिरानें १७५४ सालीं सामानाच्या नमुन्यांचें जें पुस्तक छापलें, त्या घाटाच्या खुर्च्या व कपाटें यांशीं महोगनीचें नांव कायमचें जोडलें गेलें. लंडनच्या दिवाणखान्यांतील त्या चकचकीत मेजावर जे बसत, त्यांना तें लांकूड कोणी तोडलें याची विचारपूस करण्याचें कारण वाटलें नाहीं. आज जो देश बेलीझ म्हणून ओळखला जातो, तेथें १७८६ च्या लंडनच्या करारानें स्पेननें इंग्रजांस महोगनी तोडण्याची परवानगी दिली. आणि तें तोडण्याचें काम आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या टोळ्यांकडे होतें. महोगनीचीं झाडें रानांत एकत्र नसतात. पुष्कळदां एका हेक्टरांत एकही सांपडत नाहीं. म्हणून एका जाणत्या गुलामास उंच झाडावर चढून दूरवर नजर टाकून तीं हेरावीं लागत. मग रान कापून वाट करावयाची. उन्हाळ्यांत दिवसाचा ताप बैलांना सोसत नाहीं म्हणून रात्रीं मशालींच्या उजेडांत ओंडके ओढावयाचे. आणि पावसाळ्यांत नदीला पूर आला कीं ते समुद्राकडे सोडावयाचे. १७७३ सालीं बेलीझ नदीच्या कांठीं या गुलामांनीं बंडही केलें. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी मोडली, परंतु तोपर्यंत या तांबड्या लांकडाची श्रीमंती ज्या घामावर व रक्तावर उभी राहावयाची ती राहून चुकली होती. १९८१ सालीं स्वतंत्र झालेल्या बेलीझच्या ध्वजावर महोगनीचें झाड व दोन लांकूडतोडे आहेत. लंडननें मेजाची आठवण ठेविली, बेलीझनें हातांची ठेविली. यांतील भेद लक्षांत घेण्याजोगा आहे.

आतां मुख्य मुद्यास येऊं. एका वस्तूची फॅशन सुरू झाली, पण ती वस्तु वाढण्यास शंभर वर्षें लागतात आणि तोडण्यास एक दिवस पुरतो, अशी स्थिति असली म्हणजे काय होतें ? वस्तु संपते आणि नांव उरतें. महोगनीचा गेल्या तीनशें वर्षांचा इतिहास एवढ्याच वाक्यांत सांगतां येईल. जमैकाच्या किनाऱ्यालगतचीं चांगलीं झाडें अठराव्या शतकांतच विरळ झालीं. मग व्यापार होंडुरासच्या आखाताकडे वळला, आणि तेथील रुंदपानी लांकूड त्याच नांवानें खपूं लागलें. येथपर्यंत फारसें बिघडलें नव्हतें, कारण तें सख्खें भावंड होतें. पुढें आफ्रिकेंतील खाया या झाडाचें लांकूड 'आफ्रिकन महोगनी' म्हणून आलें. तें सख्खें नव्हे, चुलत. त्यानंतर फिलिपाइन बेटांतून 'फिलिपाइन महोगनी' आली. तिचा तर मूळ घराण्याशीं कांहीं संबंध नाहीं, ती आपल्या साल वृक्षाच्या कुळांतली. आणि शेवटीं झाडही नको, लांकूडही नको, तांबड्या रंगाचा डबा असला कीं काम भागतें, या थरास प्रकरण आलें. दत्तकविधानाची ही परंपरा पाहून कोणत्याही न्यायाधीशास घेरी येईल. इकडे मूळ झाडाची स्थिति अशी झाली कीं, ज्यास साइट्स म्हणतात त्या वन्य जीवांच्या व्यापाराविषयींच्या आंतरराष्ट्रीय करारांत क्यूबन महोगनी १९९२ सालीं दाखल झाली. ब्राझील सरकारनें २००१ सालीं आपल्याकडील तोड तहकूब केली. आणि अमेरिकेच्या रानांतील रुंदपानी महोगनीवर २००३ सालापासून तोच करार लागू झाला. म्हणजे परवान्याशिवाय तिचा परदेशांशीं व्यापार होऊं शकत नाहीं. २०२२ सालीं पनामा येथें भरलेल्या परिषदेंत आफ्रिकेंतील खायावरही हीच पाळी आली. मूळ वारस संपत आला, आणि ज्यास त्याच्या गादीवर बसविलें तोही संपूं लागला !

हा नांवाचा प्रश्न न्यायकोर्टापुढें आला नाहीं असें नाहीं. अमेरिकेंतील व्यापारविषयक आयोगानें फिलिपाइन लांकूड 'महोगनी' म्हणून विकण्यास मनाई केली, तेव्हां एका व्यापारी कंपनीनें अपील केलें. १९२८ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें आयोगाचा हुकूम कायम केला. 'व्यापारांत हें नांव रूढ झालें आहे' ही सबब विकणाऱ्यांमध्यें चालेल. पण ज्या घेणाऱ्यास त्या रूढीची गंधवार्ता नाहीं त्यास फसविण्याचा हक्क रूढीनें मिळत नाहीं, हें त्या निकालाचें तात्पर्य. पुढें 'फिलिपाइन' हें विशेषण जोडून तें नांव वापरण्याची मोकळीक मिळाली. यांत आम्हांस वावगें दिसत नाहीं. विशेषण जोडलें, म्हणजे निदान घेणाऱ्यास प्रश्न विचारण्यास जागा राहते. आपल्या बाजारांत होतें तें नेमकें उलट. येथें विशेषण गाळलें जातें व विशेष्यास किंमत लावली जाते.

आमच्या देशांत याविषयीं कायदा नाहीं अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. १९३० चा मालविक्रीचा कायदा आजही चालू आहे. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें, वर्णन करून माल विकला असतां तो वर्णनाबरहुकूम असला पाहिजे ही अट करारांत लिहिली नसली तरी लिहिल्यासारखीच धरली जाते. आणि १७ व्या कलमाप्रमाणें, नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याशीं जुळला पाहिजे. याउपर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. वस्तु विशिष्ट प्रकारची किंवा प्रतीची आहे असें खोटें भासविणें यास तो कायदा अनुचित व्यापारप्रथा म्हणतो. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरणास दहा लाख रुपयांपर्यंत दंड करतां येतो. ग्राहकास जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार गुदरतां येते, आणि वस्तूची किंमत पांच लाखांच्या आंत असल्यास त्यास कांहीं फीही पडत नाहीं. इतकें शस्त्र हातीं असतां लोक गप्प कां ? कारण उघड आहे. शस्त्र चालविण्यास पुरावा लागतो, आणि पुराव्याचें पहिलें पान म्हणजे पावती. 'एक कपाट, महोगनी रंग' एवढेंच पावतीवर लिहून घेऊन जो घरीं आला, त्यानें आपला दावा दुकानाच्या उंबऱ्यावरच सोडून दिला असें समजावें. कारण दुकानदारानें रंगच विकला होता, आणि रंग तर बरोबर आहे!

यावर कांहीं व्यापारी म्हणतील कीं, ग्राहकासच रंग हवा असतो, लांकूड नको असतें. स्वस्त भुशाच्या फळीवर तांबूस कागद चढवून मध्यम स्थितींतील कुटुंबास आम्हीं चार पैशांत शोभा मिळवून दिली, तर आमचें चुकलें काय? या म्हणण्यांत तथ्य आहे, व तें आम्ही नाकारीत नाहीं. भुशाची फळी, प्लायवूड, वर पातळ पापुद्रा चढविलेलें काम, या सर्वांस बाजारांत योग्य जागा आहे. लांकडाचा पातळ पापुद्रा चढविणें ही जुन्या कारागिरांचीही मान्य रीत होती. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबानें महाग लांकूडच घ्यावें असें म्हणणें हा श्रीमंती हेका होईल. आमचा आक्षेप वस्तूवर नाहीं, नांवावर आहे. भुशाची फळी भुशाची म्हणून विका. तिचें आयुष्य व तिचा भाव ग्राहकास कळूं द्या. ओलीपासून जपण्याची सूचना द्या. मग त्यानें ती हजार वेळां घ्यावी. पण प्रामाणिक सुतार अस्सल लांकूड वापरून रास्त भाव सांगतो, आणि शेजारचा दुकानदार त्याच नांवानें पाऊण किंमतींत दुसरेंच कांहीं देतो, तेव्हां मारला जातो तो सुतार. नांवाची खोटी नाणीं बाजारांत सुटलीं म्हणजे खरें नाणें पेटींत दडून बसतें, हा अर्थशास्त्राचा नियम लांकडासही लागू आहे.

घेणाऱ्यानेंही डोळे उघडे ठेवावे. कपाटाचें दर्शनी दार पाहूं नये. खण बाहेर काढून त्याचा तळ व मागची बाजू पाहावी, कारण तेथें रंगारी सहसा पोंचत नाहीं. फळीच्या वरील रेषा कडेवरून वळून आडव्या टोंकांत जुळतात कीं नाहीं, हें पाहावें. अखंड लांकडांत त्या जुळतात, चिकटविलेल्या कागदांत किंवा पापुद्र्यांत कडेशीं तुटतात. बिजागरीच्या स्क्रूच्या भोंकांतून भुसा निघतो कीं लांकडाची कीस, हें लहान मुलासही कळेल. एवढ्यानें लांकूड अखंड आहे कीं नाहीं हें समजेल. तें कोणत्या झाडाचें, हें मात्र साध्या डोळ्यांनीं नेहमीं सांगतां येत नाहीं. मोठ्या रकमेचें काम असल्यास लांकडाचा लहान तुकडा देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेकडे किंवा बंगळूरूच्या काष्ठविज्ञान संस्थेकडे पाठवून जात ओळखून घेतां येते. हजारों रुपयांच्या व्यवहारांत एवढी तसदी फार नव्हे.

आतां आपल्या घरच्या लांकडांविषयीं दोन शब्द. महोगनी आपल्या देशास नवी नाहीं. कलकत्त्याच्या वनस्पतिबागेंत ती १७९५ सालीं वेस्ट इंडीजमधून आली. रुंद पानांची जात १८७२ च्या सुमारास आली. सव्वादोनशें वर्षें जी येथें राहिली तिला परकी म्हणून हांकलून द्यावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पण परक्या नांवाच्या ओढीनें आपण आपल्या लांकडांचीं नांवें पुसून टाकीत आहों, याची खंत वाटते. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कारागिरांनीं आपल्या शिसवीच्या लांकडावर जें भरघोस कोरीव काम केलें, तें युरोपियन घरांतून मुंबईचें म्हणून नांवाजलें गेलें. त्यास महोगनीचें नांव उसनें घ्यावें लागलें नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें सागवानी जहाज १८१७ सालीं पाण्यांत लोटलें; तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. २०२३ सालीं दिल्लींत उघडलेल्या नव्या संसदभवनास सागवान गेलें तें नागपुराहून. आणि ज्या तूण वृक्षास आपला लांकूडबाजार फारसा मान देत नाहीं, तो तर महोगनीचाच कुळबंधु. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या लांकडाचे तंबोरे व सतारी करीत आले आहेत. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं सरकारनें भौगोलिक मानांकन दिलें. मैफलींत ज्याच्या आधारानें गवई षड्ज लावतो तें तूण, त्याच नांवानें विकण्यास लाज कसली ? तांबडें पॉलिश देऊन त्यास महोगनी म्हणणें, म्हणजे आपल्या मुलास शेजाऱ्याचें नांव लावून शाळेंत घालणें होय. हीच गोष्ट सागाची. मध्यप्रांत हा प्रांत नकाशावरून केव्हांच गेला, तरी वखारींत 'सी. पी.' हें नांव अद्याप चांगल्या सागाची खूण म्हणून चालतें. परदेशच्या लागवडींतील कोंवळा साग या नांवाखालीं विकला गेल्यास तोही याच सदरांत पडेल.

शेवटची व सर्वांत गंभीर बाब शेतकऱ्याची. गेलीं कांहीं वर्षें महोगनीच्या लागवडीच्या जाहिराती गांवोगांव पोंचल्या आहेत. रोप घ्या, बारा-पंधरा वर्षें थांबा, एकरीं कोटी रुपये घ्या, असा त्यांचा मासला असतो. वखारीच्या रीतीनें त्याचा हिशेब करून पाहूं. गोल लांकूड मोजतांना घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग लांबीनें गुणतात. पंधरा फूट सरळ बुंध्याच्या झाडांतून वीस घनफूट लांकूड निघावयाचें असेल, तर मध्यावरील घेर सुमारें पंचावन्न इंच हवा. आतां एकराचे ४३,५६० चौरस फूट. दहा-दहा फुटांवर लावलीं तर सुमारें ४३५ झाडें बसतात. एवढ्या दाटीनें उभीं असलेलीं सगळींच झाडें पंचावन्न इंच घेराचीं होणार नाहींत, हें रान पाहिलेल्या कोणासही कळतें. मधलीं झाडें काढून टाकावींच लागतात. जाहिरात मात्र सर्व झाडें, सर्व जाड व सर्व सरळ धरून गुणाकार करते. सरळपणाचें तर विशेषच आहे. कोंब पोखरणारी एक अळी या कुळाच्या झाडांचा शेंडा आंतून खाते. मग झाडास दोन-तीन फांटे फुटतात व सरळ बुंधा मिळत नाहीं. फिजी बेटांत महोगनीच्या लागवडी फळास आल्या, याचें एक मोठें कारण म्हणजे ही कीड तेथें नाहीं. आपल्या देशांत ती आहे, व तूण वृक्षावर ती पूर्वींपासून नांदत आहे. शिवाय ज्या लांकडाच्या भावाचे आंकडे दाखविले जातात तें शतायुषी झाडाच्या गाभ्याचें; बारा वर्षांच्या झाडांत गाभा थोडा व पांढरट भाग पुष्कळ. सोन्याचा भाव दाखवून पितळ पिकविण्याचा हा प्रकार आहे.

'आम्हीच माल परत विकत घेऊं' असा कागद पुष्कळदां दिला जातो. वकिलीच्या दृष्टीनें त्याविषयीं तीन प्रश्न विचारावे. भाव किती, हें त्यांत लिहिलें आहे काय ? नसेल, किंवा तो ठरविण्याची निश्चित रीतही नसेल, तर १८७२ च्या कराराच्या कायद्याचें २९ वें कलम वाचावें. ज्याचा अर्थ निश्चित करतां येत नाहीं तो करार निरर्थक होतो. सही करणारी संस्था झाडाइतकें जगणार आहे काय ? आणि तिची मालमत्ता कोणती ? आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस १९९० नंतरच्या सागलागवडीच्या योजना आठवत असतील. तेव्हांही झाडामागें पैसे घेऊन वीस वर्षांनंतरच्या वैभवाचीं चित्रें दाखविलीं गेलीं. पुष्कळ कंपन्या झाडांच्या आधींच वठल्या. आणि अखेर सेबीस १९९९ सालीं अशा सामुदायिक गुंतवणुकीच्या योजनांविषयीं नियम करावे लागले. त्या वेळीं साग बदनाम झाला. वस्तुतः सागाचा त्यांत कांहीं अपराध नव्हता. तीच पाळी महोगनीवर येऊं नये. बांधावर चार झाडें लावावीं, तीस वर्षांचा धीर धरावा, नातवाच्या घराच्या कपाटासाठीं म्हणून त्यांकडे पाहावें. यांत नुकसान नाहीं, झाला तर लाभच आहे. पण कर्ज काढून पोटाचें शेत यांत घालूं नये.

सारांश, आमचें मागणें फार मोठें नाहीं. गांवोगांवच्या लांकूडव्यापाऱ्यांच्या व फर्निचरवाल्यांच्या मंडळांनीं एक ठराव करावा कीं, यापुढें पावतीवर चार गोष्टी लिहिल्याशिवाय माल द्यावयाचा नाहीं : लांकडाचें खरें नांव, तें कोठून आलें, काम अखंड लांकडाचें, पापुद्र्याचें कीं भुशाच्या फळीचें, आणि रंग कोणता. रंगाचें नांव शेवटीं, लांकडाचें पहिल्यानें. यासाठीं नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं; एका शाईच्या ओळीचें हें काम आहे. जें मंडळ हें प्रथम करील त्याच्या गांवच्या बाजारावर दहा गांवचे ग्राहक विश्वासानें येतील, हें आम्ही आपल्या व्यापारी बंधूंस त्यांच्याच हिताच्या भाषेंत सांगतों. ग्राहकांनीं अशी पावती मागावी. न दिल्यास दुसरें दुकान पाहावें. सुतारांनीं तूण, शिवण, साग, शिसवी हीं नांवें मोठ्यानें घ्यावीं व आपल्या कामाचा भाव ताठ मानेनें सांगावा.

महोगनीच्या नांवापायीं एका खंडांतील मनुष्यें राबविलीं गेलीं, दुसऱ्या खंडांतील रानें ओसाड झालीं, आणि नांव मात्र वाढतच गेलें. निदान आपल्या बाजारांत तरी त्या नांवानें आतां लांकडाच्या मागून चालावें, पुढून नव्हे. एवढें झालें तरी पुष्कळ झालें.